बंब का बोलावला, याचा खुलासा

प्रति,
सेक्रेटरी, चेअरमन आणि व्यवस्थापन कमिटीचे सर्व सभासद,
तसंच ए, बी, सी तिन्ही विंगमधले शेजारी,

स.न.वि.वि.

मंगळवारी आमच्या दाराखालून एक कागद आत सरकवलेला मिळाला. लेटरहेड सोसायटीचं, भाषा कोर्टाची. ‘रविवार रोजी सकाळी आग नसताना अग्निशमन दलास पाचारण करून सभासदांची गैरसोय व संस्थेची बदनामी केल्याबद्दल सात दिवसांत लेखी खुलासा करावा.’ त्याखाली पेनाने लिहिलेली एक ओळ : ‘घरातील कर्कश उपकरण त्वरित बंद करावे.’

खुलासा हा घ्या. पाकिटात घालून ऑफिसात देण्याऐवजी सगळ्यांसमोर ठेवतेय, कारण विषय माझ्या फ्लॅटचा नाही, बी विंगच्या डक्टचा आहे, म्हणजे सगळ्या बाथरूमांच्या खिडक्या ज्यात उघडतात त्या उभ्या बोळाचा.

आधी ते कर्कश उपकरण. तळहातावर मावेल एवढी पांढरी डबी आहे. गेल्या दिवाळीत लेक कॅनडातल्या मिसिसागाहून आली तेव्हा घेऊन आली. आम्हाला वाटलं चॉकलेटं असतील. निघाला कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूचा अलार्म. ती म्हणाली, ‘आई, आमच्याकडे भाड्याच्या घरातसुद्धा हा असावाच लागतो.’ तिच्या ओंटारिओ प्रांतात तसा कायदा आहे. २००८ च्या डिसेंबरात तिथल्या वुडस्टॉक गावात लॉरी हॉकिन्स नावाच्या पोलीस कॉन्स्टेबल, त्यांचा नवरा आणि दोन मुलं असं अख्खं घर गेलं. गॅसच्या शेकोटीचं धुराडं तुंबलं होतं, धूर बाहेर जायचा तो घरात फिरत राहिला. घरात अलार्म नव्हता. त्यांच्या नात्यातल्या जॉन गिनॅक यांनी पाठपुरावा केला आणि २०१३ साली त्या दोन आडनावांनीच कायदा झाला. हे सगळं मी तेव्हा एका कानाने ऐकलं. डबी बेडरूमच्या बाहेर पॅसेजमध्ये ठोकली आणि विसरून गेले.

आता रविवार. थंडी आपण सगळ्यांनीच भोगलीय, त्यामुळे खिडक्या बंद होत्या हे सांगायला नको. मी साबुदाणावडे तळत होते, म्हणून किचनची चिमणी फुल स्पीडवर. सासूबाई (वय ८६) कॉटवर बसून म्हणाल्या, ‘मळमळतंय गं, पित्त झालंय.’ मी मोरावळा दिला. ह्यांचं डोकं सकाळपासून जड होतं, ते सर्दीवर ढकललं. सव्वासात-साडेसातच्या सुमारास डबी ओरडायला लागली. चार बीप, थोडं थांबून पुन्हा चार बीप. पडद्यावर आकडा १६४, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे इतके भाग.

इथे एक कबुली. ह्यांनी स्टुलावर चढून बटण दाबलं, आवाज बंद झाला आणि आम्ही परत आपापल्या कामाला लागलो. मी तर पुढचा घाणासुद्धा कढईत सोडला. ते बटण आवाज काही मिनिटं थांबवतं, हवा साफ करत नाही. पाचेक मिनिटांनी पुन्हा चार बीप. आकडा १७१. तेव्हा कुठे लेकीचं वाक्य आठवलं : ‘हा वाजला तर कारण शोधत बसू नका, आधी माणसं बाहेर.’ गॅस बंद केला, सासूबाईंना शाल गुंडाळली, दार उघडं टाकलं आणि लिफ्टने खाली आलो. सासूबाई कवळीसाठी परत जाऊ म्हणत होत्या. जाऊ दिलं नाही. त्याबद्दल त्या अजून बोलत नाहीत माझ्याशी, पण तो आमच्या घरचा प्रश्न.

खाली सेक्रेटरीसाहेब भेटले. मी सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘वास येतोय का?’ नव्हता येत. ‘मग बॅटरी काढा ना वहिनी.’ साहेब, राग नाही. आमच्या ह्यांनीही आधी आवाजच बंद केला होता. पण त्या डबीची बॅटरी निघत नाही, ती आतच सीलबंद असते, दहा वर्षांनी अख्खी डबीच बदलायची. आणि वासाचं म्हणाल तर तिथेच सगळी गफलत आहे. सिलेंडरच्या गॅसला मुद्दाम सडक्या कोबीसारखा वास मिसळलेला असतो, गळती कळावी म्हणून. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत, ठसका लागत नाही. तो सिलेंडरमध्ये नसतोच. ज्योतीला पुरेशी हवा मिळाली नाही की जळता जळता तयार होतो. पहिल्या मजल्यावरच्या काकांनी अभिमानाने सांगितलं की त्यांच्या ओट्याजवळ गॅस डिटेक्टर आहे आणि तो गप्प आहे, म्हणजे सगळं ठीक आहे. काका, तो एलपीजी ओळखतो. हा गॅस त्याच्या ओळखीचाच नाही. जिन्यातले धुराचे सेन्सरही याला दाद देत नाहीत.

मी १०१ लावला. बंब आला. आग दिसली नाही, म्हणून आपल्यातल्या काहींना हसू आलं, एकदोघांनी व्हिडिओ काढले. जवानांना मात्र हसू आलं नाही. ते पाठीवर सिलेंडर लावून पाचव्यावर गेले, आमच्या खिडक्या उघडल्या, सगळी शेगडी-गीझर तपासलं. आमचा गीझर विजेचा आहे, आणि त्या वेळी तोही बंदच होता. त्यांच्यातला एक वयस्कर जवान मला म्हणाला, ‘काकू, तुमच्या घरात काही जळत नाही, मग हे येतंय कुठून?’ आणि मग त्यांनी एकेक मजला उतरत दारं वाजवायला सुरुवात केली.

पुढचं मी तिसऱ्या मजल्यावरच्या मुलाच्या आईला विचारून लिहितेय. मुलगा बाथरूममध्ये होता. अर्धा तास होत आला होता, त्यांना वाटलं रविवारची डोक्यावरून आंघोळ चाललीय, नाहीतर मोबाइल. बेल वाजली म्हणून त्यांनी दार ठोठावलं. तो कडी काढून बाहेर आला, दोन पावलं टाकली आणि भिंतीला धरून खाली बसला. चेहरा घामाने डबडबलेला. ‘आई, पाय उचलत नाहीयेत,’ एवढंच म्हणाला. बाथरूममध्ये गॅस गीझर चालू, खिडकीच्या पट्ट्या कागदाने बंद, थंडी येते म्हणून.

कोणीतरी कोविडच्या वेळचा ऑक्सिमीटर आणला. बोटाला लावला तर ९८. सगळे म्हणाले, बघा, ऑक्सिजन छान आहे, लिंबूपाणी द्या. तिथेच त्या जवानाने १०८ ला फोन केला नसता तर आपण लिंबूपाण्यावरच थांबलो असतो. हॉस्पिटलमध्ये रक्त तपासलं, तर त्यातलं २२ टक्के हिमोग्लोबिन कार्बन मोनॉक्साइडने अडवून ठेवलेलं निघालं. डॉक्टरांनी ऑक्सिमीटरचं कोडं उलगडून सांगितलं. ते यंत्र रक्ताच्या लालीवरून अंदाज बांधतं आणि कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं रक्तही तितकंच लालभडक दिसतं. त्यामुळे आकडा ९८ आणि माणूस अर्धवट शुद्धीत, असं होऊ शकतं. हिमोग्लोबिनला हा वायू ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून जास्त घट्ट चिकटतो. साध्या हवेत तो निम्मा सुटायला चार-पाच तास लागतात, मास्कने शुद्ध ऑक्सिजन दिला तर तास-दीड तास. म्हणून मास्क, म्हणून हॉस्पिटल. पोरगं घरी आलंय, जेवतंय, आईशी भांडतंय. पुढचे काही आठवडे विसरभोळेपणा किंवा चिडचिड दिसली तर परत घेऊन या, असं डॉक्टरांनी बजावलंय, कारण याचे काही परिणाम उशिरा उगवतात.

गॅस गीझर आणि बंद बाथरूम ही जोडी डॉक्टरांना नवीन नाही. आपल्याकडच्या वैद्यकीय नियतकालिकांत त्याला चक्क ‘गॅस गीझर सिंड्रोम’ असं नाव आहे. बाथरूममध्ये बेशुद्ध सापडलेल्या माणसाला फिट आली असं समजून मेंदूचे डॉक्टर गाठले जातात आणि मूळ कारण भिंतीवर टांगलेलं राहतं.

आता मला पडलेला प्रश्न. गीझर तिसऱ्यावर, मग माझी डबी पाचव्यावर का ओरडली?

सोमवारी ह्यांनी एक प्रयोग केला. रिटायर झाल्यापासून प्रयोगांची फार आवड आहे, पण हा कामाचा निघाला. खिडक्या बंद केल्या, चिमणी फुल स्पीडवर सोडली आणि बाथरूमच्या खिडकीतल्या लूव्हरच्या पट्ट्यांपाशी एक उदबत्ती धरली. धूर डक्टकडे जायला हवा ना? तो आडवा होऊन घरात वळला, दोरी ओढावी तसा, पार पॅसेजपर्यंत. चिमणी बंद केली, धूर सरळ वर. पुन्हा चालू केली, पुन्हा आडवा. सरळ हिशेब आहे. चिमणी घरातली हवा बाहेर फेकते, खिडक्या बंद असल्या तर तेवढीच हवा कुठून तरी आत यायला हवी, आणि एकच वाट उघडी असते, बाथरूमची. म्हणजे मी वडे तळत होते आणि डक्टमधली हवा घरात ओढून घेत होते.

आणि डक्टमध्ये ती साचली का? तर वर पत्रा आहे म्हणून.

दोन वर्षांपूर्वीच्या वार्षिक सभेत (एजीएममध्ये) कबुतरांचा विषय निघाला होता, आठवतोय? डक्टमध्ये घाण, पिसं, वास. ठराव झाला, बी विंगच्या डक्टवर फायबरचा पत्रा टाकला, कडा सिलिकॉनने बुजवल्या, पावसाचं पाणीही थांबलं, टाळ्या वाजल्या. माझाही हात वर होता. मिनिट्स काढून बघा, अनुमोदक म्हणून माझंच नाव आहे. त्यामुळे हे पत्र मी साळसूदपणे लिहीत नाहीये. पण डक्ट म्हणजे आपल्या सगळ्या बाथरूमांचं एकच धुराडं आहे आणि आपण त्याच्यावर झाकण घातलं, हे तेव्हा एकाही माणसाच्या डोक्यात आलं नाही. वुडस्टॉकला धुराडं आपोआप तुंबलं होतं. आपण वर्गणी काढून तुंबवलं.

(विंग बीमध्ये गेल्या दोन हिवाळ्यांत ‘रविवारचं पित्त’ किती जणांना झालं, हे एकमेकांना विचारून बघा. आमच्या घरी दोघांना. चौथ्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, ‘अगं, आम्ही तर रविवारी उपमा करणंच सोडलंय, बाधतो म्हणून.’ बिचारा उपमा. रविवारीच का, तर त्याच दिवशी सगळ्या मजल्यांवर एका वेळी न्हाणी असतात आणि सगळ्या घरांत चिमण्या चालू असतात. घराबाहेर पडलं की डोकं उतरतं, परत आलं की चढतं, घरातल्या सगळ्यांचंच दुखतं, ही या विषाची खूण आहे हे मला आता कळतंय. पित्त असं घाऊक होत नाही.)

पक्ष्यांवरून आठवलं. ब्रिटनमधले शास्त्रज्ञ जॉन स्कॉट हाल्डेन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हा वायू स्वतः हुंगून, स्वतःचं रक्त तपासून त्याचा अभ्यास केला आणि खाणीत उतरताना सोबत कॅनरी पक्षी न्यावा असं सुचवलं. चिमुकला जीव, भरभर श्वास घेणारा. माणसाला काही जाणवण्याआधी तो दांडीवरून पडायचा आणि खाणकामगार बाहेर पळायचे. १९८६ साली तिथल्या खाणींतून पक्षी गेले, यंत्रं आली. हाल्डेन यांचा मुलगा जे. बी. एस. हाल्डेन पुढे भारताचा नागरिक झाला आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारला, पण ते असो. सांगायचं इतकंच की ते खाणकामगार पक्षी जवळ ठेवून वाचले, आणि आपण पक्षी हाकलायला पत्रा ठोकून अडकलो.

तिसऱ्या मजल्यावरचा गीझर मेकॅनिकने सगळ्यांसमोर उघडला. आतल्या पत्र्यांच्या फटींत काजळी बोटाला लागेल इतकी. पेटवला तर ज्योत निळी नाही, पिवळी, आणि आळसावल्यासारखी हलणारी. चार वर्षांत सर्व्हिसिंग नाही. त्या घराला दोष देण्यात अर्थ नाही, कारण बी विंगमध्ये असे किती गीझर आहेत आणि त्यातले किती आंघोळीच्या खोलीतच लावलेत, याची कमिटीकडे यादीच नाही. माझ्या सासूबाई म्हणतात, त्यांच्या माहेरी तांब्याचा बंब होता, पण तो परसात. मधून धुराचं नळकांडं, वर उघडं आभाळ. निखारे घेऊन कोणी न्हाणीघरात कडी लावून बसत नव्हतं. आपण तो बंब चकचकीत करून भिंतीवर टांगला आणि परस तेवढा काढून टाकला.

तेव्हा माझं म्हणणं असं. पत्रा काढायचा. कबुतरांना जाळी पुरते, हवेला जाळी अडवत नाही. पावसाचं पाणी डक्टमध्ये पडलं तर पडू दे, खाली नहाणी आहे, जाईल. फारच वाटलं तर पत्रा हात-दीड हात उंच उचलून चारी बाजू मोकळ्या ठेवता येतील, पण ते काम जाणकार माणसाला दाखवून, आपल्या आपण नाही. गॅस गीझर बाथरूममधून ड्राय बाल्कनीत हलवावेत, गरम पाण्याचा पाइप तेवढा आत. ज्यांना हे लगेच जमणार नाही त्यांनी बादली भरून घ्यावी, गीझर बंद करावा आणि मग कडी लावावी. हे फुकट आहे आणि उद्या सकाळपासून करता येतं. लूव्हरमध्ये कोंबलेले कागद, थर्मोकोल, जुन्या पायपुसण्या काढाव्यात. सर्व्हिसिंगचा माणूस सोसायटीनेच वर्षातून एकदा, थंडीच्या आधी बोलवावा. मेंटेनन्समध्ये शंभर-दोनशे वाढले तर मी भांडणार नाही, आणि मी भांडणार नाही हे लेखी मिळणं किती दुर्मीळ आहे ते खजिनदारांना माहीत आहे.

वॉचमनकाकांना मी स्वतः समजावून सांगितलंय, कमिटीनेही सांगावं. गॅसचा वास आला तर ती गळती : रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या उघड्या, विजेच्या बटणाला हात नाही, बाहेर येऊन १९०६, हा गॅसगळतीचा नंबर. वास नाही, पण अशी डबी चार-चार बीप देतेय, किंवा एकाच घरात दोघा-तिघांना एकदम चक्कर-मळमळ होतेय, तर सगळ्यांना उघड्यावर आणायचं, डोकी मोजायची, १०१ किंवा ११२. आणि कोणी कडी लावून आत असेल तर दार तोडायचं, दाराचे पैसे नंतर. ज्याने दार उघडलं त्याने आत रेंगाळायचं नाही, कारण दुसरा माणूस तिथेच पडतो. डबी मिनिटाला एकदाच बारीक चिवचिवली, तर मात्र ती स्वतःच्या म्हातारपणाची तक्रार असते. तेव्हा मला बोलवा, बंबाला नको.

सेक्रेटरीसाहेब, तुम्ही ‘त्वरित बंद करावे’ लिहिलंय, ते जमणार नाही. उलट लेकीकडून आणखी चार डब्या मागवल्यात, तिसऱ्या आणि चौथ्या मजल्यासाठी. पाचवी हवी असेल तर सांगा, तुमच्या मातोश्रींच्या खोलीबाहेर लावायला. बाथरूममध्ये लावू नका, वाफेने बिघडते. पॅसेजमध्ये, झोपलेल्या माणसाला ऐकू येईल अशी.

बदनामीबद्दल एवढंच की बंब गेटात उभा असल्याचे जे फोटो फिरतायत, ते आपल्याच सभासदांनी काढलेत. मी तेव्हा सासूबाईंना शाल पांघरून पार्किंगमध्ये बसले होते.

पत्र्याला आठ स्क्रू आहेत, ह्यांनी गच्चीच्या जाळीतून डोकावून मोजलेत. सिलिकॉन कटरने निघेल. शिडी आमच्या ड्राय बाल्कनीत आहे, मुलाचे बाबा आणि चौथ्या मजल्यावरचे भावजी मदतीला तयार आहेत. गच्चीची किल्ली मात्र तुमच्याकडे असते. शनिवार संध्याकाळपर्यंत वॉचमनकाकांकडे देऊन ठेवावी, कारण परवा पुन्हा रविवार आहे.

कळावे,
बी विंग, पाचवा मजला
(दोन वर्षांपूर्वीच्या पत्र्याच्या ठरावाची अनुमोदक)